कारणे दाखवा

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या गावाकडच्या चार किलोमीटर रस्त्याचे डांबर पहिल्याच पावसाळ्यात उखडून शेतात गेले. कागदावर रस्ता पूर्ण होता, बिल अदा झाले होते. मी माहिती अधिकारात अर्ज केला, तेव्हा 'सदर अभिलेख आढळून येत नाही' असे एका ओळीचे उत्तर आले. म्हणून तालुक्याच्या कार्यालयात गेलो. समोर निवृत्तीला टेकलेले एक लिपिक होते. त्यांनी मान वर न करता माझे सगळे ऐकून घेतले. मग उठून कपाटातून एक फाईल काढली, नाडी सोडली, मोजमाप पुस्तकाचे एक पान उघडले आणि फाईल टेबलावर माझ्या बाजूला वळवून ठेवली. चष्मा खिशात घालत म्हणाले, "बसा जरा. मी चहा घेऊन येतो."

चहाची टपरी जिन्याखालीच होती. तरी त्यांना वीस मिनिटे लागली.

त्या पानावर खडीच्या थराची जाडी व्यवस्थित नोंदवलेली होती. मोजणीची तारीख मात्र काम सुरू होण्याच्या आठ दिवस आधीची होती.

त्या वीस मिनिटांत त्या माणसाने काय केले? महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ समोर धरले तर कार्यालयीन माहिती परवानगीवाचून बाहेर जाऊ दिली, म्हणजे गैरवर्तन केले. गावाला विचाराल तर इतक्या वर्षांत त्या कचेरीत कुणीतरी पहिल्यांदा काम केले. ते पकडले गेले असते, तर त्यांच्यावर कारवाई व्हायला हवी होती का? तेव्हा मी ताडकन 'मुळीच नाही' म्हणालो असतो. आज म्हणणार नाही. मधल्या काळात बरेच खटले वाचले आणि माझे मत फिरले. ते सरकारच्या बाजूला मात्र गेलेले नाही.

अशा माणसांना मराठी वृत्तपत्रांनी 'जागल्या' हे नाव दिले आहे, आणि ते 'व्हिसलब्लोअर' या इंग्रजी शब्दापेक्षा सरस आहे. शिट्टी कुणीही फुंकतो. जागल्या हा गावच्या चाकरीतला माणूस. रात्री गाव निजले की याने जागायचे, चाहूल लागली की आरोळी ठोकायची. हुकूम पाटलाचा, पण पोट गावाच्या बलुत्यावर. एरवी या दोन धन्यांत तंटा नसतो. चोर पाटलाच्याच वाड्यात शिरताना दिसला, किंवा वाड्यातूनच बाहेर पडताना दिसला, की पंचाईत होते. त्याने कुणाला उठवायचे?

यावर दोन ठराविक उत्तरे मिळतात. एक म्हणते, कायदा तो कायदा, गुप्ततेची शपथ मोडली की शिक्षा. दुसरे म्हणते, त्याने लोकांचे भले केले, खटला कसला, सत्कार करा. दोन्ही उत्तरे आळशी आहेत. पहिले उत्तर चोराकडे पाहत नाही, दुसरे आरोळी खरी होती का हे विचारत नाही.

डॅनियल एल्सबर्गपासून सुरुवात करू. हा अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी काम केलेला, व्हिएतनामला जाऊन आलेला, एके काळी युद्धाच्या बाजूचा विश्लेषक. रँड कॉर्पोरेशनच्या त्याच्या कपाटात सात हजार पानांचा एक गुप्त अहवाल होता. अमेरिकेची सरकारे व्हिएतनामबाबत आपल्याच लोकांशी वर्षानुवर्षे कशी खोटे बोलत आली, हे त्यात सरकारच्याच कागदांनी सांगितलेले होते. ऑक्टोबर १९६९मध्ये तो रात्री पिशवी भरून कागद बाहेर आणू लागला आणि ओळखीच्या एका जाहिरात कंपनीच्या झेरॉक्स यंत्रावर एकेक पान काढू लागला. एका रात्री मदतीला त्याची मुले होती. तेरा वर्षांचा मुलगा यंत्रावर, आणि दहा वर्षांची मुलगी कात्री घेऊन पानांच्या वरखालची 'अतिगोपनीय' ही अक्षरे कापत बसलेली. उद्या आपण तुरुंगात गेलो तर बाप हे वेडाच्या भरात करत नव्हता एवढे मुलांना ठाऊक असावे, असा त्याचा विचार होता.

जून १९७१मध्ये हे कागद 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आले. एल्सबर्ग काही दिवस लपून राहिला, मग स्वतःच बॉस्टनमध्ये हजर झाला. १९१७च्या हेरगिरी कायद्यासह इतर कलमे लागली. सगळी मिळून शिक्षा ११५ वर्षांपर्यंत जाऊ शकत होती. लॉस एंजेलिसमध्ये खटला उभा राहिला आणि तो साक्षीच्या पिंजऱ्यात आला. वकिलाने साधा प्रश्न विचारला: या कागदांच्या प्रती तुम्ही का काढल्या? सरकारी वकिलाने हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती मान्य केली, कारण प्रश्न गैरलागू. वकिलाने शब्द फिरवून पुन्हा विचारले, पुन्हा हरकत, पुन्हा मान्य. हा प्रसंग एल्सबर्गने पुढे आयुष्यभर सांगितला. प्रती काढल्या की नाही, एवढेच ज्यूरीने ठरवायचे होते. 'का' हा शब्द कोर्टाच्या दाराबाहेर ठेवलेला होता.

खटला शेवटी सरकारच्या कर्माने बुडाला. राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या माणसांनी एल्सबर्गच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात चोरी केल्याचे उघड झाले, बेकायदा फोन ऐकल्याचे उघड झाले, खटला चालू असताना न्यायाधीशांपुढे एफबीआयच्या प्रमुखपदाचा विषय काढल्याचेही उघड झाले. ११ मे १९७३ रोजी न्यायाधीश बर्न यांनी सगळे आरोप रद्द केले. पण एल्सबर्ग सुटला तो त्याचे कारण कोर्टाला पटले म्हणून नव्हे. ते कारण कोर्टाने ऐकलेच नव्हते.

दुसरा खटला लंडनचा. फॉकलंड युद्धात २ मे १९८२ रोजी ब्रिटिश पाणबुडीने 'जनरल बेल्ग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडवली, ३२३ माणसे गेली. नौका बेटांपासून दूर जात होती, हे सरकार संसदेला धड सांगत नव्हते. संरक्षण मंत्रालयातले अधिकारी क्लाइव्ह पॉन्टिंग यांनी त्यासंबंधीचे दोन कागद टपालाने एका खासदाराला पाठवले. कागद वर्तमानपत्राकडे किंवा परदेशी गेले नाहीत, संसदेच्या सभासदाकडे गेले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. १९११च्या गुपित कायद्यात एक वाक्यखंड होता: राज्याच्या हितासाठी ज्याला कळवणे कर्तव्य आहे, अशा माणसाला कळवले तर तो गुन्हा नव्हे. पॉन्टिंग म्हणाले, मी हेच केले. न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावले की राज्याचे हित म्हणजे त्या वेळचे सरकार जे धोरण ठरवील ते. ज्यूरीतल्या बारा सामान्य माणसांनी ते ऐकून घेतले, आत गेली आणि फेब्रुवारी १९८५मध्ये 'निर्दोष' म्हणून बाहेर आली.

सरकारने यातून धडा घेतला, पण भलताच. १९८९च्या नव्या कायद्यात तो वाक्यखंड राहिला नाही. ज्या दारातून पॉन्टिंग बाहेर पडले, ते दारच बुजवून टाकले.

तरीही पुढे कॅथरीन गन आल्या. चोरून संभाषणे ऐकणाऱ्या ब्रिटिश गुप्तचर संस्थेतल्या चिनी भाषेच्या अनुवादक. जानेवारी २००३मध्ये त्यांच्या संगणकावर तशाच अमेरिकी संस्थेचा एक निरोप आला. इराकयुद्धाचा ठराव संमत व्हावा म्हणून सुरक्षा परिषदेतल्या काठावरच्या सहा देशांच्या प्रतिनिधींचे बोलणे चोरून ऐकण्यात मदत करा, असा त्याचा आशय. गन यांनी तो बाहेर दिला. 'ऑब्झर्व्हर'मध्ये तो छापून आल्यावर सहकाऱ्यांवर संशय जाऊ नये म्हणून स्वतःच कबुली दिली. खटल्यात त्यांच्या वकिलांनी सरकारकडे एकच कागद मागितला: युद्ध कायदेशीर आहे की नाही, याबद्दल महान्यायवाद्यांनी दिलेला सल्ला. २५ फेब्रुवारी २००४ रोजी खटला पुकारला गेला, आणि सरकारी वकील उभे राहून म्हणाले, आम्ही पुरावा देत नाही. कबुलीजबाब देणारी आरोपी समोर उभी, आणि माघार सरकारची.

हे तीन खटले ओळीने ठेवले की एक गोष्ट दिसते. कायदा मोडणारे तिघेही शेवटी कोर्टात उभे राहिले. कोर्टाला भ्याले ते सरकार. 'का' विचारला जाण्याची शक्यता जितकी जास्त, तितका सरकारचा पाय मागे. म्हणून मी खटल्याच्या बाजूचा झालो. बंद कपाटातली गोष्ट उघड्या न्यायालयात शपथेवर, उलटतपासणीसह तपासली जावी, याहून मोठी संधी जागल्याला आणि गावाला दुसरीकडे कुठे मिळणार?

खटला हवा याचे दुसरे कारण आपल्या घरातले आहे, आणि थोडे अवघड आहे. १८८१-८२मध्ये 'केसरी' आणि 'मराठा'ने कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर तोफ डागली. तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ चालला आहे, आणि त्यामागे दिवाण आहेत, असे सांगणारी पत्रे संपादकांच्या हाती आली होती. टिळक आणि आगरकर तेव्हा पंचविशीतले. त्यांनी ती खरी मानली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट निघाली. पेशवाईतल्या त्या एका चिठ्ठीत कुणीतरी 'ध'चा 'मा' केला अशी आख्यायिका आहे, इथे तर चिठ्ठ्याच अख्ख्या रचलेल्या होत्या. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले.

आपण ही गोष्ट शाळेपासून त्यागाची म्हणून ऐकतो. मला ती कागदाची गोष्ट वाटते. देशातली दोन अतिशय तल्लख, अतिशय प्रामाणिक डोकी, आणि तीही खोट्या कागदाला फसली, कारण कागद त्यांच्या मनातल्या संशयाशी जुळत होता. हे खोटे उघडे पडले ते न्यायालयात. हेतू शुद्ध असला म्हणजे कागद शुद्ध होत नाही. आणि याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३मध्ये, ते तरुण छत्रपती अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या सोजिराशी झालेल्या झटापटीत मरण पावले. पत्रे खोटी होती, काळजी खोटी नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्या वेगळ्या करून दाखवायचे काम ना सत्काराच्या सभेत होते, ना कोठडीत.

शिवाय सगळी गुपिते पापी नसतात. खबऱ्याचे नाव, सैन्याच्या तुकडीची जागा, चालू वाटाघाटी हे झाकायलाच हवे. अमेरिकी लष्करातल्या चेल्सी मॅनिंगने अडीच लाखांहून अधिक राजनैतिक तारा बाहेर दिल्या. एवढ्या तारा एका माणसाने वाचलेल्याही नसतात. त्यात युद्धातली काळी कृत्ये होती तशी ज्यांचा काही दोष नव्हता अशांची नावेही होती. पॉन्टिंगचे दोन कागद आणि हा ढीग एकाच मापाने मोजता येणार नाही. मापे वेगळी हवीत तर मोजणारा हवा, आणि ज्याचा कागद तोच मोजणारा असता कामा नये. हे सरकारला लागू आहे तसे जागल्यालाही लागू आहे.

मग एडवर्ड स्नोडेनने परत यावे का? अमेरिकी राष्ट्रीय सुरक्षा संस्था कोट्यवधी नागरिकांच्या फोनच्या नोंदी सरसकट गोळा करत होती, हे त्याने २०१३मध्ये जगाला सांगितले. त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी गुप्तचर विभागाचे संचालक जेम्स क्लॅपर यांना सिनेटच्या समितीत हाच प्रश्न थेट विचारला होता, आणि ते 'नाही' म्हणाले होते. २०१५मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की ही नोंदींची गोळाबेरीज कायद्यात बसत नव्हती, आणि काँग्रेसनेही कायदा बदलला. म्हणजे ओरडणारा खरे बोलत होता हे कोर्टानेच सांगितले. ओरडणाऱ्यावर तीन गंभीर आरोप, प्रत्येकी दहा वर्षांपर्यंतची शिक्षा. सिनेटपुढे चुकीचे उत्तर देणाऱ्यावर खटला नाही.

'मर्द असेल तर येऊन खटल्याला तोंड देईल,' असे त्याला तेव्हा सुनावले गेले. आपल्याकडेही हा युक्तिवाद चटकन पटतो, कारण मागे टिळक आणि गांधी उभे असतात. कायदा मोडा आणि शिक्षा हसत घ्या, हा आपला संस्कार. पण ते खटले नीट आठवून पाहा. १९०८मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिळक ज्यूरीपुढे सुमारे एकवीस तास बोलले. आपण काय लिहिले, का लिहिले, कोणत्या शब्दाचा अर्थ काय, सगळे सांगितले. ज्यूरीतल्या सात गोऱ्यांनी दोषी ठरवले, दोन हिंदी सभासदांनी निर्दोष. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. १९२२मध्ये अहमदाबादला गांधींनी गुन्हा कबूल करून आपले निवेदन वाचले, न्यायाधीश ब्रूमफिल्डनी ते ऐकून सहा वर्षे दिली. निकाल ठरल्यासारखेच होते, न्याय झाला असे कुणी म्हणणार नाही. राजद्रोहाच्या कलमात हेतू हाच मुद्दा असल्यामुळे कारण सांगायला वाव होता, हेही खरे. तरीसुद्धा परक्या सरकारच्या कोर्टात आरोपीला 'का' सांगता आले, आणि स्वतंत्र अमेरिकेच्या कोर्टात एल्सबर्गला ते सांगता आले नाही.

म्हणून स्नोडेनला मी पळपुटा म्हणत नाही. मी जे केले ते लोकहिताचे होते असे ज्यूरीपुढे मांडू देणार असाल तर परत येतो, असे त्याने वारंवार सांगितले आहे. ही मागणी सूट देण्याची नाही. तो खरा खटला मागतो आहे. एल्सबर्गनेही २०१३मध्ये लिहिले की आपल्या वेळची अमेरिका वेगळी होती, आपण जामिनावर हिंडून बोलू शकत होतो, स्नोडेनने देश सोडला ते बरोबर केले. तोंड दाबून उभे करणार असाल तर त्याला खटला म्हणू नये, ती शिक्षेआधीची औपचारिकता आहे.

'आतल्या मार्गाने तक्रार करायची होती' असे म्हणणाऱ्यांना सत्येंद्र दुबे आठवतात का? आयआयटी कानपूरचा हा अभियंता सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर बिहारमध्ये होता. त्याने एकही कायदा मोडला नाही. कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल २००२मध्ये थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा खून झाला. कोर्टात तो लुटीतून झालेला खून ठरला. पण ज्या पत्रातले नाव झाकायची विनंती होती ते सरकारी टपालातून उघडे पडले, याला तपासाचा कोणताही निष्कर्ष पुसू शकत नाही. पुढे २०१४मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो आजवर लागूच झाला नाही. आतला दरवाजा असा असताना खिडकीतून उडी मारणाऱ्याला दरवाजाचे नियम वाचून दाखवणे शोभत नाही.

लागू आहे तो १९२३चा शासकीय गुपिते अधिनियम. त्याचा धाक कसा चालतो ते पत्रकार इफ्तिखार गिलानी यांनी अनुभवले. २००२मध्ये त्यांना या कायद्याखाली अटक झाली. हाती सापडलेला कागद पाकिस्तानातल्या एका संस्थेने कधीच छापून प्रसिद्ध केलेला होता. तरी सात महिने तिहार, आणि मग खटला मागे.

पण हाच अधिनियम वाचताना पाचव्या कलमात मी थबकलो. अनधिकृत माणसाला माहिती देणे हा गुन्हा, मात्र 'राज्याच्या हितासाठी ज्याला कळवणे त्याचे कर्तव्य आहे' असा माणूस त्यातून वगळलेला आहे. हा पॉन्टिंगचाच वाक्यखंड! ब्रिटिशांनी १९११च्या आपल्या कायद्यावरून तो आपल्याला दिला, स्वतःकडचा १९८९मध्ये काढून टाकला, आणि आपल्या पुस्तकात तो तसाच राहून गेला. आपल्याकडे आता ज्यूरी नाही. पण राज्य म्हणजे सरकार नव्हे, हे बारा सामान्य इंग्रजांना कळले ते आपल्या न्यायाधीशांना कळायला हरकत नसावी.

आणि तराजूही आपल्याकडे तयार आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) सांगते की गुपिते अधिनियम काहीही म्हणो, उघड करण्यातले लोकहित झाकण्यातल्या हानीपेक्षा जड असेल तर माहिती देता येते. २०१९मध्ये राफेल विमानखरेदीच्या प्रकरणात सरकार 'हे कागद चोरीचे आहेत, वाचू नका' म्हणत असताना सर्वोच्च न्यायालयाने ते विचारात घ्यायचे ठरवले, त्यात या कलमाचा आधार होता. पुढे त्या प्रकरणातल्या याचिका फेटाळल्या गेल्या, पण कागद वाचून. जो तराजू दहा रुपयांचे तिकीट चिकटवणाऱ्या अर्जदाराला मिळतो, तो स्वतःची नोकरी पणाला लावणाऱ्या आरोपीला मिळू नये, याला काही तर्क आहे का?

कॅनडाने २००१च्या कायद्यात हा बचाव लिहून ठेवला आहे, आणि तो मोकाट नाही. उघड केलेली गोष्ट गुन्हा आहे असे मानायला रास्त कारण होते का, आधी वरिष्ठांना सांगून पाहिले का, गरजेपुरतेच उघड केले का, हानी किती झाली, हे सगळे न्यायाधीश तोलतात. या मापाने पॉन्टिंग यांना गरजेपुरतेच उघड केले असे दाखवता येईल, मॅनिंगला काही गोष्टींचा जाब द्यावा लागेल, आणि पैशासाठी शत्रूला नकाशा विकणारा पहिल्याच प्रश्नाला पडेल. माफीपेक्षाही मला हे बरे वाटते. माफी ही राजाची मेहेरबानी असते, तिने माणूस सुटतो पण प्रश्न तसाच राहतो. निकालाने पुढच्या जागल्याला कळते की कुठवर जायचे, आणि पुढच्या सरकारलाही कळते.

ते लिपिक कधी पकडले गेले नाहीत. निवृत्त झाले, आता हयात नाहीत. पण पकडले गेले असते तर काय झाले असते, ते कचेरी पाहिलेल्या कुणालाही सांगता येईल. सर्वांत आधी टेबलावर एक नोटीस आली असती. तिचे नाव आपल्या सरकारने फार चांगले ठेवले आहे: 'कारणे दाखवा'. पुढच्या चौकशीत मात्र विचारले गेले असते एवढेच की फाईल दाखवली, होय की नाही. मला त्या चौकशीत साक्षीला जायला आवडले असते. मी सांगितले असते की होय, दाखवली. आणि मोजमाप पुस्तकातले ते पान उघडून चौकशी अधिकाऱ्यांच्या बाजूला वळवून ठेवले असते, तारखेवर बोट ठेवून.